डोक्यावर उभी सासू

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आज सकाळी मी डोक्यावर उभी राहिले!

भिंतीचा आधार होता, योगाच्या बाईंनी दोन्ही घोटे घट्ट धरले होते, आणि राहिले तीही जेमतेम पाच-सहा श्वास. पण राहिले! एकसष्टाव्या वर्षी. पाय छताकडे, डोकं जमिनीला आणि मधे मी. खाली आल्यावर बाई म्हणाल्या, लगेच उठू नका, गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवा. टेकवलं आणि मला हसूच फुटलं. थांबेचना. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

आता तू म्हणशील, तीन वर्षांत या बाईची एक ओळ नाही आणि एकदम हे काय? खरं आहे. पण मला सांग, हे मी कुणाला सांगू? चिरंजीवांना सांगितलं तर ते तिकडून फोनवरच ओरडतील. शेजारच्या औषधवाल्याला सांगायला गेले. उत्साहाच्या भरात म्हटलं, "अहो, आज सकाळी मी मस्त उलटी झाले!" तो म्हणाला, "कितीदा झाली? काल बाहेरचं काही खाल्लं होतं का?" आणि गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली.

माझ्या ओळखीत डोक्यावर उभं राहणारं माणूस एकच. तू. लग्न होऊन आलीस तेव्हापासून रोज सकाळी बाहेरच्या खोलीत तुझे पाय वर असायचे, आणि मी चहाचा कप घेऊन त्यांना वळसा घालून खाली दुकानात उतरायचे. तेव्हा वाटायचं, ही पोरगी एक ना एक दिवस घड्याळांच्या कपाटावर कोसळणार. तू तिथे नेमकं काय बघत होतीस ते आज कळलं.

तुला सूनबाई म्हणायचं आता कारण उरलं नाही. पण भिंगरी हे नाव मी ठेवलंय, त्यामुळे ते माझ्याकडेच राहतं. पत्ता कोर्टाच्या कागदांवर सापडला. फोन नंबर तू बदललास.

राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू माझ्या मुलाला सोडलंस, ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात तेव्हाही पडले नाही. पण मला न भेटता गेलीस. मी खाली दुकानातच होते, शटर उघडं होतं. सात वर्षं एका घरात राहिलो आणि तुला दोन पायऱ्या चढून आत यावंसं वाटलं नाही.

असो. आज रागवायला वेळ नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. नंतर कान गरम होतात, ते ठीक आहे ना? आणि भिंतीशिवाय उभं राहायला साधारण किती दिवस लागतात?

उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तरी मी लिहिणारच.

तुझी (पुढे काय लिहू ते कळत नाही)
घड्याळवाली


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. केवढं ते मोठं उत्तर! "वजन टाळूवर नको, कोपरापासून मनगटापर्यंत हातांवर हवं. पोट रिकामं हवं. एकटीने करू नका." ना मायना, ना खाली नाव. तारेतसुद्धा याहून जास्त शब्द असायचे. पण अक्षर बघितलं आणि दिवसभर दुकानात गुणगुणत होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज स्वारी खुशीत दिसतेय." म्हटलं, "दिसणारच, मी आता कोपरांवर उभी राहते."

तर ऐक. मी योगाला गेले ती पायांमुळे. दिवसभर स्टुलावर बसून संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेत मावायचे नाहीत. बँकेत काम करणारी एक बाई पट्टा बदलायला आली होती, तिने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गाचं सांगितलं. शिकवणाऱ्या बाई आधी पोहायला शिकवायच्या, त्यामुळे आवाज असा खणखणीत की हॉलच्या खिडक्या वाजतात. पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला उलटं होऊच दिलं नाही. नुसते खांदे, पाठ, पोट. मग भिंतीला पाय लावून उताणं पडायचं. मग ओणवं होऊन हातांवर भार घ्यायचा. मी मनात म्हणायचे, ही बाई आम्हाला पुढल्या जन्मी शीर्षासन शिकवणार.

आता कळतंय त्या का थांबवत होत्या. आमच्या वर्गात एक प्लंबर आहे, चांगला आडदांड, पण घाई फार. त्याने एकदा बाईंची पाठ वळताच पायाला झटका देऊन वर जायचा प्रयत्न केला आणि पोत्यासारखा आडवा झाला. नशीब, मानेला काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "नळ असा झटक्यात पिळता का तुम्ही? मानेचे आटे त्याहून नाजूक असतात." त्या दिवसापासून तो शहाण्यासारखा वागतो.

हा प्लंबर माझ्या डाव्या हाताला असतो. हा माणूस कधी येतो, कधी सतरंजी पसरतो, मला पत्ता लागत नाही. एकदम उगवतो मांजरासारखा. मी दचकते आणि तो हसतो.

आणि फायदा? अगं, विचारू नकोस! पायांची सूज निम्म्याने उतरली. पडल्या पडल्या झोप लागते. खांद्यांत अशी ताकद आली आहे की दुकानाचं शटर मी परवा एका हाताने वर ढकललं. सगळ्यात मोठं म्हणजे, मी काहीतरी नवीन शिकू शकते हे मी विसरूनच गेले होते. चाळीस वर्षं तीच चाकं, त्याच स्प्रिंगा. आता सकाळी उठते तेव्हा आज काय जमेल याची धाकधूक असते. परीक्षेच्या दिवशी असते तशी, पण गोड.

बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, रक्तदाब आहे का, मानेचं काही आहे का, डोळ्यांचं काही आहे का. रक्तदाब मी मोजून घेतला, चांगला आहे. डोळ्यांचं म्हणशील तर तेच माझं भांडवल. सांगितलं, ठणठणीत.

तू शिकवतेस का अजून? कार्डावर कसलातरी शिक्का अर्धवट उमटलाय, त्यात 'योग' एवढं वाचता आलं.

घड्याळवाली


२ मार्च

चि. भिंगरी,

बसली आहेस ना? नसलीस तर बस. मी काल भिंतीला न टेकता उभी राहिले!

कुठे, ते विचारू नकोस. बरं, सांगते. दुकानात. एकटी. ओरडू नकोस, आधी पुरतं वाच. आठवडाभर मी सकाळी शटर उघडायच्या आधी दुकानातच करते. दोन कपाटांच्या मधे भिंतीचा रिकामा तुकडा आहे ना, तिथे चादरीची घडी घालायची, बोटं एकमेकांत गुंफायची, भिंतीपासून एक वीत अंतर ठेवायचं. काल पाय वर गेले आणि टाचा भिंतीला लागल्याच नाहीत. मी मधेच तरंगत! समोर लंबकाची घड्याळं उलटी, सगळे लंबक छताला लटकल्यासारखे डुलताहेत. तुला काय सांगू, लहान मुलासारखी किंचाळले मी. वर्गात बाई ठरावीक वेळेच्या पुढे जाऊ देत नाहीत, इथे मला हवं तेवढं राहता येतं. त्यांना मी सांगितलेलं नाही. तूही माझी चहाडी करू नकोस.

आणि आता एक गंमत. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. खाली आले की मला दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. खरंच! टेबलावरच्या दिव्याला आतून निळसर आणि बाहेरून लालसर, इंद्रधनुष्य गुंडाळून ठेवल्यासारखं. थोड्या वेळाने विरून जातात. परवा तर संध्याकाळी उभी न राहताच रस्त्यावरच्या दिव्यांना दिसली. मला वाटतं, आतली काहीतरी शक्ती जागी होत असावी. तुला कधी दिसली का गं? डाव्या भुवईच्या वर थोडं ठणकतं, पण तो पंख्याचा वारा लागत असणार. स्टूल सरकवायला हवं.

हल्ली माझं लक्ष मात्र ठिकाणावर नसतं, आनंदाने असेल. काल चहा कपाच्या बाहेर ओतला. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून आपटून काळानिळा झालाय. माझ्या वडिलांचं, आमच्या अण्णांचं, उतारवयात असंच व्हायचं. माझ्याच वयाचे असताना त्यांनी काम सोडलं. हात थरथरतात म्हणून लोकांना सांगायचे, पण हात चांगले स्थिर होते त्यांचे. दिसत नव्हतं. वय झालं होतं, दुसरं काय. तेव्हापासून हे दुकान मी बघते.

बघ, कुठून कुठे गेले. सांगायचं एवढंच की मी तरंगले! तुला सांगितल्याशिवाय ते खरं वाटत नव्हतं.

घड्याळवाली


५ मार्च
(कुरिअरने)

आई,

हे वाचून झालं की आधी फोन करा. नंबर खाली लिहिलाय; तुमचा नंबर जुन्या फोनबरोबरच माझ्याकडून गेला.

आजपासून डोक्यावर उभं राहायचं नाही. खांद्यांवर नाही, भिंतीला पाय लावून पडायचं नाही, ओणवं होऊन डोकं खाली सोडायचंही नाही. बुटाची नाडी बांधायची असली तरी खुर्चीवर बसून पाय वर घ्या.

दिव्याभोवतीची कडी ही शक्ती जागी झाल्याची खूण नाही. भुवईवर ठणकतं ते पंख्याने नाही. डोळ्याच्या आत एक दाब असतो. डोकं खाली केलं की तो प्रत्येकाचाच वाढतो, आणि निरोगी डोळा तेवढा वेळ सोसतो. ज्याचा दाब आधीच जास्त असेल त्याच्या डोळ्यामागची नस मात्र त्याने मरत जाते, आणि मेलेली नस परत येत नाही. याला काचबिंदू म्हणतात. तो घराण्यात चालतो. अण्णांना दिसत नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय.

मी डॉक्टर नाही. माझी शंका खोटी ठरली तर मला हवं तेवढं हसा, मी तुमच्याबरोबर हसेन. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच जा. उद्या नाही.

जायच्या आधी एक करा. भिंतीवरच्या घड्याळांसमोर उभ्या राहा, मधल्या एका घड्याळाकडे बघा. डावा डोळा तळहाताने झाका. मग उजवा झाका. दोन्ही वेळा सगळी घड्याळं दिसतात का ते मला सांगा.

मी इथे हेच शिकवते, आई. माझ्या वर्गात कुणीही पाय उचलायच्या आधी मी चार-चार प्रश्न विचारते. तुम्हाला मात्र तीन ओळी खरडल्या, कारण मीही रागावलेली होते.

भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरी,

तुला गाडीत बसवून आले आणि लिहायला घेतलं. तुझी गाडी अजून पहिलं स्टेशनसुद्धा ओलांडून गेली नसेल. इतके दिवस तू समोर होतीस तरी काही गोष्टी तोंडातून निघाल्याच नाहीत. पत्रात मला बरं बोलता येतं.

तुझं कुरिअर आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. पाकीट फोडलं, 'आई' वाचलं आणि त्या माणसाला म्हटलं, उद्या या. तो म्हणाला, "अहो, नुसता सेल टाकायचाय." म्हटलं, "उद्या!" आणि त्याच्या तोंडावर अर्धं शटर ओढलं.

मग घड्याळांसमोर उभी राहिले. डावा डोळा झाकला. सगळी घड्याळं जागच्या जागी. मला हसू आलं. म्हटलं, भिंगरी तू उगाच घाबरवतेस. मग उजवा झाकला.

भिंगरी, डावीकडची भिंतच नव्हती. अंधार असता तर समजलं असतं. अंधारही नव्हता. नुसतं काहीच नव्हतं. मधलं घड्याळ धुक्यात असल्यासारखं आणि त्याच्या पलीकडे दुकान संपलेलं. टकटक मात्र सगळ्यांची ऐकू येत होती. नसलेल्या घड्याळांचीसुद्धा.

तुला फोन लावला तेव्हा मी नुसतं "हॅलो" म्हटलं आणि तू म्हणालीस, "आई, निघा." काय दिसलं ते तू विचारलंही नाहीस. बरं झालं. मला सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई कशी करारी आहे ते तू पाहिलंसच. पण तू पोचायच्या आधीचं आमचं बोलणं तुला माहीत नाही. दाब मोजला, दिव्यांच्या ठिपक्यांसमोर बसवून तपासलं, थेंब घातले, गोळी दिली आणि म्हणाली, "डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट अरुंद झालीय. सकाळी लेसरने छोटी वाट करू, दोन्ही डोळ्यांना. उजवा अजून चांगला आहे, तो वाचेल. डाव्याचं जे गेलं ते गेलं."

मी म्हटलं, "म्हणजे मी डोक्यावर उभी राहिले म्हणून हे झालं?"

"नाही. हे कितीतरी वर्षं चाललं असणार. पण तुम्ही रोज दाब आणखी वाढवत होता."

"पण उभी राहिले म्हणूनच कडी दिसली ना? कडी दिसली म्हणून पत्र लिहिलं, पत्र लिहिलं म्हणून इथे आले. म्हणजे डोक्यावर उभं राहण्याने माझा डोळा वाचला!"

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आजी, वाचवलं असेल तर त्या पत्र वाचणाऱ्या बाईने. पुन्हा डोकं खाली केलंत तर मी तुम्हाला तपासणार नाही." पण मी तिच्यापुढे पुरती हरले असं समजू नकोस. मधला मुद्दा, कडी दिसल्याचा, माझाच होता.

सकाळी तू आलीस. रात्रभर प्रवास करून, केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी. आणि मागच्या जिन्याने चिरंजीव. मी त्यालाही फोन केला होता, तुम्ही दोघं एकाच वेळी पोचाल असं मला काय माहीत. व्हरांड्यात दोघं समोरासमोर आलात तेव्हा माझ्या डोळ्यांपेक्षा छातीतलाच दाब जास्त वाढला. पण नर्स माझ्या मदतीला धावून आली. तिने तुला विचारलं, "पेशंटचं नातं काय?" चिरंजीव खिडकीबाहेर बघायला लागले. तू म्हणालीस, "मी यांची गुरू. ऐकत नाहीत म्हणून सोबत आले." आधी नर्स हसली, मग मी, मग तोही हसला. त्याला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "एवढं सगळं तिला लिहीत होतीस. मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू डोक्यावर उभा राहतोस का?"

त्याने वाकून माझी चप्पल पायाशी सरकवली. मग म्हणाला, "ती आली ते बरं झालं, आई." एवढंच. मी तुला हे सांगितल्याचं त्याला कळू देऊ नकोस. आणि यातून दुसरा काही अर्थही काढू नकोस. मीही काढलेला नाही.

आता खरं लिहायचं ते.

लेसर झाल्यावर आपण बाकावर बसलो होतो, माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि तू रुमाल धरून होतीस. मग तू हळूच म्हणालीस, "आई, तीन वर्षांपूर्वीही दिसत नसेल का?" मी म्हटलं, "काय?" तू म्हणालीस, "मी गेले त्या दिवशी दुकानाच्या दारात आले होते. पायरीवर, आतून बघितलं तर डाव्या बाजूला. तुम्ही भिंग लावून काम करत होतात. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि परत खाली घातलीत. मला वाटलं, तुम्हालाही आता मी नको आहे. म्हणून गेले."

तेव्हा मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, आठवत नाही. आठवायला ते कधी घडलंच नव्हतं गं माझ्यासाठी! भिंग माझ्या उजव्या डोळ्यावर असतं, त्यातून बोटभर अंतरापलीकडचं सगळं धुरकट. लांबचं बघायचं ते डाव्याने. आणि डावा तर तेव्हाच गेलेला असणार. मी मान वर केली असेल आणि मला रिकामं दार दिसलं असेल.

तू आली होतीस. तू पायरीवर उभी होतीस.

डोळा गेल्याचं मला वाईट वाटतंच. खोटं कशाला सांगू, काल उशीत तोंड खुपसून रडले. पण रडता रडता मधेच आठवायचं की ही आली होती, आणि इतका आनंद व्हायचा की रडणं धड पुरं होईना. तीन वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरून बसले होते ती झालीच नव्हती. आता या रागाचं करायचं काय? चांगला जपून ठेवला होता.

थेंब वेळच्या वेळी घालते. तू भिंतीवर चिकटवलेला कागद बघून घालते.

तुझी घड्याळवाली


८ एप्रिल

चि. भिंगरी,

आज वर्गात गेले होते! डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आहे, डोकं हृदयाच्या खाली न्यायचं नाही एवढ्या अटीवर. दाब उतरलाय. उजव्या डोळ्याची तपासणी एकदम चांगली आली. अजून पुष्कळ वर्षं घड्याळं उघडीन म्हणतात.

बाईंसमोर जायची मला धास्ती होती. सगळं सांगितलं त्यांना. घरी एकटी करायचे तेही. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "मी विचारलं होतं हो तुम्हाला, डोळ्यांचं काही आहे का."

म्हटलं, "विचारलं होतं. आणि मला जे माहीत होतं तेच मी सांगितलं. चूक तुमची नाही. पण नुसतं 'डोळे ठीक आहेत का' असं विचारलंत तर सगळे हो म्हणणार. घरात कुणाची दृष्टी गेली होती का, असं विचारा. शेवटचे डोळे कधी तपासले, ते विचारा."

त्यांनी लगेच अख्ख्या वर्गाला विचारलं. बँकेतल्या बाईच्या मावशीला काचबिंदू होता! तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. उद्या जातेय ती तपासायला. प्लंबर म्हणाला, त्याचा चष्म्याचा नंबर फार मोठा आहे, पण पाण्यात काम करताना चष्मा लावत नाही म्हणून कुणाला सांगत नाही. बाईंनी त्यालाही थांबवला. म्हणाल्या, "मोठा नंबर असला तर डोळ्याचा पडदा पातळ असू शकतो. डॉक्टरांना विचारून या, मग बघू." त्याने बाहेर जाऊन लगेच डॉक्टरांना फोन लावला; मागच्याच महिन्यात तपासलाय, पडदा चांगला आहे म्हणाले.

सगळे वर जात होते तेव्हा मी भिंतीजवळ खुर्चीवर बसले होते. सांगू? पाय आपसूक हलायला लागले. मी आता कधीच तशी तरंगणार नाही, हे मला तिथे पहिल्यांदा खरंखुरं कळलं. उठून निघून जावं असं वाटलं.

तेवढ्यात प्लंबरची पाळी आली. बाई दुसऱ्या टोकाला होत्या. त्याने मला हाक मारली, "आजी, घोटे धरता का? झटका नाही मारत, शपथ." मी उभी राहिले, पाय भक्कम रोवले. त्याने कोपरं टेकली, पाठ सरळ केली, गुडघे पोटाशी आणले. मी सांगत होते, "घाई नको. श्वास घे. मानेवर भार नको, हातांनी जमीन ढकल. आता एक पाय. आता दुसरा." आणि तो वर आला! एवढा आडदांड माणूस, पाय थरथरताहेत, आणि माझ्या हातात त्याचे घोटे हळूहळू हलके होत गेले. मग मी बोटं जराशी सैल केली. तो तसाच उभा! मी इतक्या मोठ्याने "सोडलं! मी सोडलं!" म्हणून ओरडले की बाई धावत आल्या.

खाली आल्यावर कपाळ टेकवून तो हसत सुटला. थांबेचना. मला त्या हसण्यातलं सगळं ओळखीचं होतं.

बाई म्हणाल्या, रोज याल का? मला मदतनीस हवी आहे. भिंगरी, मला नोकरी लागली! पगार नाही, पण खुर्ची माझी.

तुझी घड्याळवाली


२७ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं बोलावणं आलं. चांगलं लांबलचक पत्र लिहायला शिकलीस एकदाची! तुझ्या वर्गातल्या मोठ्या माणसांसमोर मी बोलावं? मी? काय बोलू? 'नमस्कार, मी उलटी झाले होते' असं म्हणून सुरुवात करते, निम्मे तिथेच पळून जातील.

येते. आठवडाभर राहते. तू महिनाभर म्हणतेस, तर बघू, तुझ्याकडचा चहा कसा असतो त्यावर ठरवू. शेवटचा प्रवास कधी केला ते आठवत नाही, त्यामुळे बॅग दोनदा भरली आणि दोनदा उपसली. थेंब मात्र पर्समध्ये, वरच्या कप्प्यात. औषधवाल्याने एक जास्तीची बाटली दिली आणि म्हणाला, "तिकडे उलटी झाली तर काय करायचं ते माहीत आहे ना?" आता तोही शिकला.

दुकानावर पाटी लावली: मालकीण बाहेरगावी. अण्णा गेले तेव्हासुद्धा अशी पाटी लावली नव्हती. चिरंजीवांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "तिच्याकडे? राहायला?" म्हटलं, "हो." मग म्हणाले, "खिडकीची जागा मिळाली का?" मी म्हटलं, मिळाली. "उजव्या बाजूची घे," म्हणाले. मुलगा वाईट नाही गं माझा. तुमचं जमलं नाही, ते वेगळं.

तुझ्या लोकांना काय सांगायचं ते मी गाडीत ठरवीन. बहुतेक हेच सांगीन की जरूर करा, खरंच खूप मजा येते, पाय हलके होतात, मन हलकं होतं. फक्त वर जायच्या आधी एक हात एका डोळ्यावर ठेवा, मग दुसऱ्यावर. आणि उगाच शूरपणा करायचा असेल तर निदान कुणाला तरी पत्र लिहून करा.

गाडी सकाळी पोचते. फलाटावर गर्दी असेल, माणसं दोन्हीकडून येतील, आणि मी बॅग घेऊन बावळटासारखी उभी असेन. तू माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहा. आणि मी बघेपर्यंत थांब. नुसती थांबू नकोस, हाक मार.

तुझी आई